कड धरायची नाही

लातूर,
ता. २४ मे १९८३

प्रिय केरबादादास,

धाकट्या भामाचा जयभीम. कोंडावहिनींनाही माझा जयभीम सांग. आम्ही दोघी खुशाल आहोत, विशाखाचं नाक उन्हानं सोललंय तेवढं सोडून. तुझं कार्ड मिळालं. तू लिहितोस चार ओळी आणि त्यातल्या दोन अटी असतात. ‘पोरीला नांदेडला शर्यतीला जाऊ दे. नंबर आला तर लातुरात शिकू दे, न्हाई तर जूनमधी हिकडं हिमायतनगरला धाडून दे, विहिरीच्या कामावर माणूस कमी पडून राहिलंय.’ वाचलं. तुझ्या लेकीलाही वाचून दाखवलं. त्या दिवशी तिनं भाकरी अर्धीच खाल्ली.

तर ते नांदेडचंच लिहायला बसले आहे. निकाल माझ्या सवडीनं सांगेन. मधलं सोडून खाली डोळे न्यायचे नाहीत, आधीच बजावते.

लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष झालं नाही. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ताजा आहे आणि कुठला साहेब कुठं बसतो ते शिपायालाही ठाऊक नसतं. पण जिल्हा झाला म्हणजे त्याचा संघ सगळीकडे पाहिजे, पोहण्यातसुद्धा. हे काम आमच्या शाळेतल्या संगप्पा सरांच्या गळ्यात पडलं. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी, आणि म्हणे पोहणारी पोरं शोधा! पण माणूस निलंग्याकडचा, चिवट. पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकलेली पाच पोरं त्यांनी जमवली, त्यात आपली विशाखा. औसा रोडच्या एका मळ्यात दगडी विहिरीच्या तळाला बरं पाणी होतं. तिथं सरांनी दोन्ही अंगांना भिंतीपासून हातभर आत एकेक दोरी ताणली. या दोरीपासून त्या दोरीपर्यंत जायचं, दोरीला हात लावायचा आणि फिरायचं, असा महिनाभर सराव. मुलगी आहे म्हणून सोबत बाई पाहिजे, म्हणून मी. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. भरल्या रांजणाशीसुद्धा मी जपूनच उभी राहते.

दादा, नांदेडचा तो पोहण्याचा तलाव मी तुला कसा सांगू! आपण पाणी पाहिलं ते नेहमी खाली, वाकून. हे पाणी आपल्या पायाशी, काठोकाठ, आणि एवढं नितळ की तळाच्या फरश्यांच्या फटी दिसत होत्या. पाची पोरं काठावर उभी राहिली. मग आमचा श्रीमंत, सगळ्यांत बारका, त्यानं सरांना विचारलं, “सर, हे पाणी कोण पितंय?”

“कुणी नाही रे.”

“मग कशाला ठिवलंय?”

“पोहायला.”

“निस्तं पोहायला?” म्हणाला, आणि त्यानं वाकून पाण्याला हात लावून डोळ्यांना लावला. मी हसायला गेले आणि हसूच आलं नाही.

पाण्यात उतरण्याआधी फवाऱ्याखाली अंग धुवायचं असा तिथला नियम. आमची पोरं फवाऱ्याखाली गेली ती बाहेरच येईनात. त्यांना वाटलं, यासाठीच आणलंय. शेवटी सरांनी कॉक बंद केला. म्हणाले, “बास रे, माझ्या जिवाला बघवंना!” नांदेड-परभणीची पोरं आमच्याकडं बघून हसत होती. त्यांच्या डोक्यावर रबरी टोप्या, अंगात घट्ट पोशाख. आणि विशाखा मी शिवलेल्या झबल्या-चड्डीवर. संचलनात माइकवरच्या माणसानं जुन्या सवयीनं आम्हाला ‘उस्मानाबाद’ म्हटलं. संगप्पा सर रांगेतूनच ओरडले, “लातूर! लातूर म्हणा की!” सगळा काठ हसला. मला मात्र त्या वेळी फार अभिमान वाटला.

दुपारी विशाखाची शर्यत लागली. लहान मुलींची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकच खेप. सरांनी तिला नीट समजावलं होतं. दोरीनं आखलेल्या पट्ट्यातून सरळ जायचं, आणि समोरच्या भिंतीला हात लावला की झालं. तिनं “हाव सर” म्हटलं. मी स्वतः ऐकलं.

शिट्टी झाली. बाकीच्या मुली पाण्यावर आपटल्या. हिनं सूर मारला तो तूच शिकवलेला, आवाजही आला नाही. वर आली तेव्हा सगळ्यांच्या पुढं होती. दादा, मी रोज जिची वेणी घालते ती ही पोरगी नव्हे असं मला वाटलं. तिचे हात जात होते आणि पाणी तिला वाट देत होतं. ती कष्ट करते आहे असं वाटतच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. बाजूची परभणीची बाई म्हणाली, “अगं बाई, कुणाची पोर ही?” मी म्हटलं, “आमची.”

ती भिंतीशी सगळ्यांच्या आधी पोचली, अगदी वीतभर अंतरावर. आणि हात न लावता फिरली.

फिरली आणि परत इकडे येऊ लागली. बाकीच्या पोचल्या, त्यांनी हात लावले, थांबल्या. हिचं आपलं चालूच. अलीकडच्या भिंतीशी आली, पुन्हा वीतभर अलीकडून फिरली. पंच होते निजामोद्दीन साहेब, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. मग शिट्टी तोंडातून खाली सोडली आणि तेही बघत राहिले. आधी लोक हसले, मग हसू थांबलं. सगळा तलाव मोकळा, आणि त्यात एकटी आपली विशाखा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन्हीकडं हात न लावता. दमली तेव्हा मधल्या दोरीला धरून थांबली.

दोरीला धरलेला तिचा हात पाहिला आणि मला कळलं. सरांच्या डोक्यात तेव्हाही नव्हतं. ते कपाळ धरून बसले होते.

महिनाभर ती दोरीला हात लावत होती म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिनं त्या दगडी विहिरीच्या भिंतीलाही कधी हात लावलेला नाही. तुझाच शब्द तो, ‘कच्च्या विहिरीची कड धरायची न्हाई, कितीबी दम लागू दे. कड धरली की बाद.’ खेळात घालून शिकवलंस तू दोघा भावंडांना. आणि लोह्याकडच्या त्या नव्या विहिरीत आपल्या नागसेननं दम खायला कड धरली. त्याला घेऊन दरड खाली गेली तेव्हा ही त्याच्यापासून हातभर अंतरावर पोहत होती, दादा.

लिहिलं मी त्याचं नाव. तुझ्यासमोर दोन वर्षं ते कुणी घेतलं नाही. तू गाव सोडलंस, लेकीला माझ्याकडं ठेवलंस आणि एकदाही तिला बघायला आला नाहीस. मला राग येतो तुझा. रडूही येतं. दोन्ही एकदमच येतं.

निकाल तुला कळला असेलच. बाद. निजामोद्दीन साहेब स्वतः माझ्याकडं आले. म्हणाले, “बाई, कायदा कायदा हाय, मी लाचार हाय. पण इत्ती उमर झाली, असं पोहणं म्या न्हाई बघितलं.” मी त्यांना सगळं सांगितलं. मग संध्याकाळी, सगळे गेल्यावर, त्यांनी फाटक लावलं नाही. विशाखाला म्हणाले, “जा बेटी, आत्ता कोन न्हाई. आरामसे हात लाव.”

ती उतरली. संथ पोहत भिंतीशी गेली. हात पाण्याबाहेर काढला, अगदी टेकवणार, आणि मागं घेतला. पुन्हा गेली, पुन्हा तसंच. श्रीमंतनं काठावर बसून भिंतीवर दणादण बुक्क्या मारून दाखवल्या, “बघ की गं, लई पक्की हाय!” सरांनी लाथ मारून दाखवली. मलाही राहवलं नाही. मी, भामा, लुगडं खोचून शिडीच्या दोन पायऱ्या पाण्यात उतरले आणि भिंतीला तळवा लावून उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं. पाहिलं आणि मान हलवली.

येताना एस.टी.त माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “आत्या, मला ठावं हाय ती पडत न्हाई. पण बाबाला इचारल्याबिगर कसा लावू?”

नंबर आला नाही, तेव्हा तुझ्या अटीप्रमाणं मी जूनमध्ये तिला धाडायला हवी. धाडणार नाही. भांडायचं असेल तर इथं येऊन भांड. पण त्याआधी एक कर. निजामोद्दीन साहेबांनी सांगितलंय, कुठल्याही रविवारी या, तलाव उघडून देतो. हिमायतनगरहून नांदेडला गाडी आहे. मी तिला इकडून घेऊन येते. तूही दोन वर्षं विहिरीत उतरतोस तो खणायला. पोहायला म्हणून अंगाला पाणी लावलेलं नाहीस, वहिनींनी मला सांगितलंय. तू त्या पाण्यात उतर. तिच्या देखत भिंतीला हात लाव आणि तिला म्हण, धर पोरी कड.

माझ्या सांगण्यानं होत नाही, सरांच्या होत नाही. तिचा हात तुझ्या शब्दाशी अडकलाय, दादा. तूच अडकवलास, तूच सोडव.

येत्या रविवारी सकाळी आम्ही तलावाच्या फाटकाशी उभ्या असू. तू आला नाहीस तर त्याच्या पुढच्या रविवारीही.

तुझ्या दोन्ही लेकरांची आत्या,
भामा