झगडूनानाची चाल

मी, कौतिक जीवराम चौधरी, वय एक्कावन्न, धंदा हलत्या चित्रांसाठी लेखन व इतर वेळी लोकांची टिंगल, राहणार मेहरूण, जळगाव, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी मुंबईत माझी छाती उघडणार आहेत. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी लताबाई हिला त्या दाखल्याविषयी शंका आहे; ती तिने तोंडी नोंदवली. माझ्यावर कुणा जिवंत माणसाचे दडपण नाही. मेलेल्या एकाचे आहे, त्याचा खुलासा कलम चारमध्ये केला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. मेहरूणचे राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतली ठेव लताबाईला. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे भांडणाला वारस कमी आहेत. टीव्हीचा संचही तिलाच, आणि तो मनाला येईल तेव्हा बंद करण्याचा हक्कही. माझ्या हयातीत तो हक्क तिला नव्हता.

कलम २. पारोळ्याचे माझे थोरले बंधू झिपरूआबा यांनी प्रत्येक लग्नात माझी ओळख ‘हा आमचा बाहुल्यावाला’ अशी करून दिली. शेतकऱ्यांसाठी केलेल्या चित्रमालिकेला मिळालेली चांदीची ढाल त्यांना द्यावी. ती त्यांनी ओसरीत टांगावी आणि कोणी विचारले तर काय सांगायचे ते स्वतः ठरवावे.

कलम ३. कॅमेरा, त्याचा लोखंडी सांगाडा व दोन्ही दिवे भटू यास. अकरा वर्षे त्याने एकेक चित्र भिंगाखाली ठेवून बटण दाबले. एका सेकंदाला बारा चित्रे. माणूस एवढा वेळ वाकला की त्याला कुबड येते. भटूला ते आले आहे. कुबडाची भरपाई माझ्याजवळ नाही.

कलम ४. झगडूनाना.

ही मिळकत कुणाची, हे सांगायला कंपनीचा इतिहास सांगावा लागेल. सोनगीरचा अभिमन छगन पाटील आणि मी, आम्ही १९८४ साली मेहरूणमध्ये दोन खोल्या घेतल्या आणि सिनेमाच्या मध्यंतरात दाखवायच्या जाहिरातींच्या काचा रंगवू लागलो. तो काढायचा, मी लिहायचो. ८६ साली पहिली एक मिनिटाची हलती फिल्म झाली, ८८ साली भागीदारीचा कागद, आणि त्याच वर्षी झगडूनाना जन्माला आला: भले मोठे पागोटे, केळीच्या बागेत उभा राहून ग्रामसेवकापासून जावयापर्यंत सगळ्यांशी तंडणारा म्हातारा. दूरदर्शनवर तो लागला की धुळे-जळगावात लोक चहा निवू द्यायचे.

लोक माझ्या संवादांना हसतात असे मला वाटे. लोक त्याच्या चालण्याला हसत होते. लहानपणी सोनगीरच्या किल्ल्यावरून पडून अभिमनचा डावा पाय मोडला होता. तो जरासा बाहेर फेकत चालायचा. भिंतीला मोठा आरसा लावून, धोतर नेसून तो स्वतः चालायचा, थांबायचा, काढायचा. झगडूनाना म्हणजे आरशातला अभिमन.

९१ साली भागीदारी मोडून आम्ही कंपनी नोंदवली. झगडूनानाच्या हक्कनोंदणीच्या फॉर्मवर एक ओळ होती: मूळ कल्पना व चित्र कोणाचे. अभिमन तेव्हा काविळीने सोनगीरला पडून होता. मी विचारायला गेलो तर म्हणाला, “कौतिक, आधी तुनं नाव टाक. मी उनू की मनं घालजो.”

तो आला नाही. फेब्रुवारी ९२ मध्ये गेला. ती ओळ मी आजपर्यंत दुरुस्त केली नाही. वेळ नव्हता असे मी लोकांना सांगत आलो. पाच वर्षे वेळ नसलेला माणूस दुपारी पत्ते खेळत नाही.

आणखी एक आहे. आम्ही चित्रे पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर काढत असू. ताव महाग, मुंबईहून यायचे. म्हणून चित्रण झाले की ते कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरायचो. धुण्याचे काम अभिमनची बायको सुनंदाबाई करायच्या. अभिमनने आजारपणात सोनगीरला बसून शेवटच्या भागाचे चारशे बारा ताव काढले होते: झगडूनाना पाठमोरा होऊन किल्ल्याकडे चालत जातो. त्यांचे चित्रण व्हायचे होते. पण बियाण्याच्या एका जाहिरातीला रविवारची मुदत होती आणि मुंबईचा माल आला नव्हता. अभिमनच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी सुनंदाबाई सोनगीरहून कामावर परतल्या, तेव्हा मी तो गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सगळे धुतले आणि अंगणात दोरीवर वाळत घातले. मला वाटले, त्यांच्या लक्षात आले नाही. माझी ही सोय फार जुनी आहे.

रंग धुतला जातो. टाकाने कोरलेली रेघ जात नाही. जाहिरातीत बैल नांगर ओढत होता, आणि त्याच्यामागे, पुसट, पाय बाहेर फेकत कोणीतरी दूर चालले होते. पारोळ्याहून एका गृहस्थाचे पत्र आले, बैलामागे तो कोण? मी उलट टपाली लिहिले, अँटेना फिरवून बघा. त्यानंतर त्या तावांवर जे जे काढले, लग्नाची वरात, दंतमंजन, निवडणुकीचे चिन्ह, त्या सगळ्यांतून तो चालत गेला. हल्ली कामाच्या टेबलाचा दिवा लावतो तेव्हा काचेवर ताव नसला तरी मला तो दिसतो. नेहमी पाठमोरा. डॉक्टर म्हणतात, हृदयाचा आणि याचा संबंध नाही. डॉक्टर अभिमनला ओळखत नव्हते.

आता मुंबईची एक कंपनी झगडूनानाला विकत मागते आहे. तरी मी असे ठरवतो की, माझ्या मृत्यूनंतर झगडूनानाचे सर्व हक्क सुनंदाबाई अभिमन पाटील यांना मिळावेत, आणि त्याला यापुढे कुणीही, कधीही काढू नये.

पुरवणी. वरील मसुदा काल दुपारी मी स्टुडिओत सुनंदाबाईंना वाचून दाखवला. भटू हजर होता. वकिलांनी बजावले होते की ज्याला मिळकत मिळते त्याची साक्षीला सही घेऊ नये, म्हणून त्यांना फक्त ऐकायला बोलावले होते. झालेले बोलणे जसे आठवते तसे लिहितो.

त्या म्हणाल्या, “कौतिकभाऊ, पहिला ताव पानीमा टाका आनि मी वळखी लिधं.”

“मग धुतले का?”

“तुमी सांगं, मी धोयं. घरमा दोन पोरी व्हत्यात.”

भटूने उगीचच कॅमेऱ्यावरची धूळ झटकली.

“आनि हाई काय लिखेल शे, कोनी काढाना नही? तुमले भ्याव वाटस म्हनीसन? माले नही वाटत. चालू द्या त्यासले. मुंबईवाला काढतीन तं काढू द्या. फक्त पाय तसाच टाकाना, आनि नाव त्यासनं.”

“सगळं तुमच्या हातात येईल, वहिनी. कागदात तसंच आहे.”

“कव्हय?”

“माझ्या माघारी.”

“तुमी मरानी वाट मी कसाले पाहू?”

मी मसुद्याची घडी घालून खिशात ठेवली.

सबब आज सकाळी वकिलांकडे जाऊन मूळ कल्पना व चित्र अभिमन छगन पाटील यांचे असल्याचे प्रतिज्ञापत्र मी केले, आणि झगडूनानाचे सर्व हक्क सुनंदाबाईंच्या नावे करून दिले. मी जिवंत असताना. मुंबईच्या कंपनीशी काय बोलायचे ते त्या बोलतील. मी त्यांना बोलताना ऐकले आहे, कंपनीची काळजी वाटते. म्हणून कलम ४ मधील दान रद्द समजावे. जे माझे नाही ते मी कुणाला ठेवू शकत नाही. कॅमेरा, सांगाडा व दिवेही आजच भटूच्या हवाली केले, म्हणून कलम ३ सुद्धा रद्द. आता या कागदातून सुनंदाबाईंना आणि भटूला काहीही मिळत नाही, तेव्हा साक्षीला दोघांच्या सह्या चालतात.

सही : कौतिक जीवराम चौधरी

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार :

१. भटू पुना महाजन, राहणार जळगाव
२. सुनंदाबाई अभिमन पाटील, राहणार सोनगीर. ‘वाचीसन सही करी.’

मुक्काम जळगाव, गुरुवार, दिनांक १३ नोव्हेंबर १९९७