पोटाचे औषध

हळर्ण, पेडणे
१८ सप्टेंबर १९६७

चि. विमला हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल. गणपतीची चवथ नीट पार पडली. तुझ्या वाटणीच्या नेवऱ्या सुट्टीला आलेल्या अनंताने खाल्ल्या आणि वर तुझी आठवण काढली. भाऊ असावा तर असा!

आता मुद्द्याचे. पुण्याहून भिकाजी शेटांचे पत्र आले आहे. विमला दर महिन्याला दुकानावर येऊन पोटाच्या औषधाला पैसे नेते, पुण्याचे पाणी तिला मानवत नसावे, असे त्यांनी लिहिले आहे. तेव्हापासून तुझ्या बाबांचे जेवणात लक्ष नाही. पदवी नको नि काही नको, दिवाळीला जीप पाठवून तिला आणतो, परत पाठवायची नाही, असे म्हणतात. पण बाये, गेल्याच पत्रात तू सिंहगड चढल्याचे लिहिले होतेस. पोटदुखीची मुलगी गड कशी चढते गो?

खरे असेल ते मला लिही. पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देणार नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
पद्मावती आत्या

पुणे
२५ सप्टेंबर १९६७

ती. आत्यास विमलाचा शि. सा. न. वि. वि.

माझे पोट ठणठणीत आहे. शेटांशी खोटे बोलले.

माझ्या हातखर्चाचे पैसे बाबांनी शेटांकडे ठेवले आहेत, ते तुला ठाऊकच आहे. लागेल तसे मागून घ्यायचे. शेट प्रेमळ आहेत, गेल्या गेल्या चहा मागवतात. मग गल्ल्यावरूनच मोठ्याने विचारतात, "कशाला हवेत गो बाय?" दुकानात कारकून असतात, हमाल असतात, गिऱ्हाईक असते. वह्या म्हणता येते, साबण म्हणता येते. पण दर महिन्याला बाईमाणसाला जे लागते ते एवढ्या पुरुषांसमोर कसे सांगू? पहिल्या वेळी तशीच परत आले, जुने लुगडे फाडले आणि दोन दिवस कॉलेजला गेले नाही. पुढच्या खेपेला तोंडातून पोटाचे औषध निघून गेले. तेव्हापासून तेच चालू आहे.

अनंताला मात्र त्याच्या वसतिगृहावर थेट मनीऑर्डर येते. तो सिनेमे बघतो, कोणी विचारत नाही. माझ्यातले घे म्हणतो बिचारा, पण मग त्याच्याकडे मागायचेच आले.

आत्या, मला घरी नेऊ देऊ नकोस. रसायनशास्त्रात मी वर्गात पहिली आले आहे. बाबांना हे मला लिहवत नाही. तू सांग.

तुझ्या भरवशावर असलेली,
विमला

हळर्ण
३ ऑक्टोबर १९६७

चि. विमला हिस आशीर्वाद.

सांगितले. परवा संध्याकाळी तुझे बाबा दारापुढच्या बाल्कांवात चहा घेत बसले होते, तिथेच आडपडदा न ठेवता सांगितले. ते पोफळींकडे बघत राहिले, कान तेवढे लाल झाले. मग म्हणाले, तिने शेटांच्या बायकोला सांगायचे होते. मी म्हटले, कृष्णनाथ, तिने कुणालाही का सांगायचे?

आणि बोलायला लागलेच, तर माझेही बोलून गेले. लहानपणी जत्रेला आमचे बाबा कृष्णनाथच्या तळहातावर नाणी ठेवायचे. माझी नाणी लक्ष्मी मोलकरणीच्या कनवटीला. मला काचेच्या हिरव्या बांगड्या हव्या होत्या. एवढी जमीन असलेल्या भाटकारांच्या मुलीला जत्रेतल्या कसल्या शोभतात, म्हणून ती मला ओढत पुढे घेऊन गेली. पुढे सासरी सासूच्या हाती सगळे. विधवा होऊन इथे आले ती आजपर्यंत इथेच.

ते म्हणाले, "अक्का, मी तुला काय कमी केले?"

मी म्हटले, "कमी काही नाही रे. मागावे लागते."

ते उठून आत गेले. काल, आज माझ्याशी बोललेले नाहीत. पुढे काय होईल ते सांगवत नाही, पण जीप फाटकाबाहेर जाऊ देणार नाही, एवढे मनाशी धरून ठेव. अभ्यास सोडू नकोस.

तुझी,
आत्या

हळर्ण
२१ ऑक्टोबर १९६७

चि. विमला हिस अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. आजवर अक्काच लिहीत आली.

अनंताला जाते तेवढीच मनीऑर्डर आजपासून तुझ्या नावे, तुझ्या वसतिगृहावर येईल. हिशेब कळवू नकोस. भिकाजी शेटांना तुझी प्रकृती सुधारली असे लिहिले आहे. बिचाऱ्यांनी देवाला नारळ ठेवला होता. दिवाळीला ये आणि कॉलेज उघडले की परत जा.

अक्काच्या हातीही महिन्याच्या महिन्याला काही ठेवायचे ठरवले. पहिले पैसे दिले तेव्हा तिने ते पदराला बांधले, पुन्हा सोडले, पुन्हा बांधले. काल शुक्रवार, म्हापशाचा बाजार. मी जीप काढायला सांगितली, तर नको म्हणाली. एकटी कारेरीत, त्या गर्दीच्या बसमध्ये, बसून गेली. या वयात, आयुष्यात पहिल्यांदा. दुपारपासून मी बाल्कांवात बसून होतो, मधूनमधून रस्त्यापर्यंत जाऊन येत होतो. दिवेलागणीला कारेर आली. अक्का उतरली. घामाघूम झालेली, काखेत कागदात गुंडाळलेले काहीतरी. माझ्याकडे बघून हसली आणि आपल्या खोलीत गेली.

काय आणलेस, असे अगदी ओठांवर आले होते.

विचारले नाही.

जपून राहा.

तुझा बाबा,
कृष्णनाथ