वर्गाचं दार

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

ते दार डोक्यातून जात नाही. रोज वर्गाचं दार लावून घेतो, मगच इंग्रजी माध्यमाचं अर्थशास्त्र मराठीत समजावतो. पोरांना ते ठाऊक आहे. आज प्राचार्य बाहेर व्हरांड्यात उभे, म्हणून इंग्रजीच रेटत होतो, ठेचकाळत. तेवढ्यात ओवे गावची सुप्रिया उठली आणि दार लोटायला लागली. त्यांच्यादेखत! अक्कल आहे का?

मी ओरडलो, "हू टोल्ड यू?"

ती कुजबुजली, "सर, तुमी अडखळताय ते बाहेर ऐकू नाय जावं म्हणून."

"इन इंग्लिश!"

वर्ग हसला. प्राचार्यांनी मान डोलावली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? तास संपेपर्यंत ती उघड्या दाराशी उभी राहून तेच वाक्य इंग्रजीत जुळवत होती.

मलाही ते जुळलं नसतं.