पोलादी घोटा

आसुन्सिओन, गुरुवार, संध्याकाळ

प्रिय एलादिओ,

फोन केला असता, पण फोनवर तू तीनदा ‘बरं दादा’ म्हणतोस आणि मी मुद्द्यावर यायच्या आत ठेवून देतोस. पत्राला मध्येच ‘बरं’ म्हणता येत नाही. तेव्हा फरशीच्या सिमेंटचे हात धू, खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच. तुला लांबलचक पत्र लिहिण्याची ही माझी पंधरा वर्षांतली पहिलीच वेळ आहे, त्यामुळे थोडा पाल्हाळ लागणार. थोरला आहे, तेवढा हक्क असू दे.

आधी बातमी. आपण फायनलला आहोत. येत्या रविवारी, ब्राझीलशी. आणि मी तुला आत्ताच सांगतो, आपण जिंकणार. हे मी पत्रकारांना सांगितलं तेव्हा ते हसले, कारण त्यांना वाटतं प्रशिक्षकाने नम्र असावं. नम्र प्रशिक्षक मी खूप पाहिलेत, सगळे उपांत्यपूर्व फेरीतून नम्रपणे घरी जातात. सगळ्या दक्षिण अमेरिकेचे संघ आपल्या नदीकाठी उतरलेत. समुद्र नसलेल्या देशात किनाऱ्यावरच्या फुटबॉलची स्पर्धा, यावर विनोद करून करून पाहुण्यांची तोंडं दुखली. चिलीच्या व्यवस्थापकाने पहिल्याच दिवशी आपल्या मैदानवाल्या त्रांकिलिनोला विचारलं, “काय हो काका, समुद्र कुठं ठेवलात?” त्रांकिलिनो वाळूवर पाणी मारत होता, मानही वर न करता म्हणाला, “समुद्र नाही साहेब, म्हणून तर वाळूकडे नीट लक्ष देता येतं.” आणि खरंच, वाळू काय केलीय त्याने! नदीतून उपसलेली, तीनदा चाळलेली, दुपारी तळपाय भाजू नयेत म्हणून तासातासाला भिजवलेली. तू पाहिली असतीस तर बूट हातात घेऊन आधी तिच्यावर चालला असतास.

आई ठणठणीत आहे. पहाटे उठून चीज घातलेल्या पावासारख्या तिच्या त्या चिपा भाजते, संघाला टोपलीभर पाठवते, आणि कुणी किती खाल्ल्या याचा अहवाल मागते. परवा आमच्या गोलकीपरने दोनच खाल्ल्या, तर म्हणाली, “त्याला विश्वास नाही तुझ्यावर. पोटभर खात नाही तो गोल काय अडवणार?” तुझी खोली तिने तशीच ठेवली आहे असं काही समजू नकोस, तिथे आता कोंबड्यांचं खाद्य असतं. पण त्या खोलीला ती अजूनही एलादिओची खोली म्हणते. “जा, एलादिओच्या खोलीतून मका आण.” असं.

आणि माझं म्हणशील तर मी भिंतीवर आहे. विनोद नाही. महासंघाच्या अध्यक्षांनी स्पर्धेसाठी शहरभर फलक लावलेत, त्यात एकावर मी. पंधरा वर्षांपूर्वीचा, दोन्ही काखेत कुबड्या, चेहऱ्यावर हुतात्म्याचं दुःख. खाली मोठ्या अक्षरात: ‘घोटा मोडला, बाणा नाही!’ लुके गावातला एक औषधवाला तोच फोटो लावून लचकीवरचं मलम विकतो. मलम भिकार आहे, मी लावून पाहिलंय. रेडिओवरचा बेनिग्नो तर मला नावाने हाकच मारत नाही. “आणि आता मैदानात येत आहेत आपले पोलादी घोटा!” अख्ख्या माणसाचा एक घोटा करून ठेवला. माणूस मोठा झाला की त्याचा एकच अवयव शिल्लक राहतो, असं दिसतं.

याच बेनिग्नोने तुझंही नाव ठेवलं होतं. ते मी इथे लिहिणार नव्हतो, पण लिहितो, कारण न लिहून ते गेलेलं नाही. ‘ढगवाला’. आजही गल्लीत कुणी पोराने चेंडू छपरावर उडवला की दुसरा ओरडतो, “ए ढगवाल्या!” त्या पोरांना तू कोण हे माहीतसुद्धा नाही. तू कधीच घरी का येत नाहीस असं आई विचारते तेव्हा मी म्हणतो, कामं असतात गं त्याला, ब्युनोस आयर्समध्ये सगळ्यांना नव्या फरशा हव्या असतात. ती म्हणते, “पंधरा वर्षं? एवढी जमीन आहे त्या शहरात?”

तो दिवस तुला आठवत नसेल असं मी धरून चालतो, आणि मला आठवत नसेल असं तू धरून चालतोस. दोघंही शहाणे. तर मीच सांगतो. ब्राझीलचा किनारा, समोर उरुग्वे, तीन-तीन बरोबरी, शेवटचं मिनिट. जिंकलो असतो तर आपला देश पहिल्यांदा विश्वचषकाला. मी चेंडू घेऊन वळलो आणि त्यांच्या बचावपटूने मला पाडलं. फ्री किक. नियम तूही विसरला नसशील: ज्याला पाडलं त्यानेच मारायची. आपल्या खेळात समोर भिंत नसते, सगळे मागे, पुढ्यात फक्त गोलकीपर आणि अख्खा देश. पाडलेला उठूच शकत नसेल तर त्याच्या जागी येणारा राखीव खेळाडू मारणार. मी वाळूत पडलो होतो, घोटा धरून. बाकावरून पहिला तू उठलास. बावीस वर्षांचा, स्पर्धेत एकूण सहा मिनिटं खेळलेला. तू किक मारायला उठला नव्हतास हे मला माहीत आहे. तुझा भाऊ पडला होता म्हणून तू उठलास. प्रशिक्षकाला वाटलं पोरगं हिमतीचं आहे, त्याने पाठीवर थाप मारून तुला आत ढकललं. तू माझ्याजवळ गुडघ्यावर बसलास आणि विचारलंस, “दादा, मोडला का?” मी म्हणालो, “हो. तू मार.”

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. चेंडू आडव्या दांडीवरून गेला, बेनिग्नोला शब्द सापडला, आणि जादा वेळेत उरुग्वेने गोल मारला. त्या संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या अंगणात तेरेरेचा पेला फिरत होता. सगळे एकाच नळीने पाल्याच्या त्याच थंड पाण्याचा घोट घेत होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तुझी पहिली पाळी आली, तू प्यायलास, पेला परत देताना ‘धन्यवाद’ म्हणालास. पहिल्याच फेरीला. आपल्यात त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे लहान पोरालाही कळतं: बस, आता मला यातून वगळा. कुणीही ‘अरे, अजून घे’ म्हणालं नाही. मीही नाही. माझा पाय उशीवर होता आणि लोक त्याची विचारपूस करत होते. पुढच्या आठवड्यात तू बस पकडलीस.

मी तीन आठवडे लंगडलो. मालिशवाल्याने पट्टी बांधली, अध्यक्षांनी कुबड्या दिल्या, पाद्रीबुवांनी प्रार्थना केली, आणि एवढ्या उत्साहात एक्स-रे काढायचा मात्र सगळ्यांचाच राहून गेला. आपल्या लोकांचं हे मला फार आवडतं. एकदा का रडायचं ठरलं की पुरावा मागून कुणी रसभंग करत नाही. फक्त एकदा, दुसऱ्या आठवड्यात, मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा आई पीठ मळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आज कुठला पाय रे?” मी थांबून खाली पाहिलं. डावा उचलून चालत होतो. मोडलेला उजवा होता. ती पीठ मळत राहिली. त्याबद्दल आजपर्यंत बोललेली नाही. त्या रात्री जेवताना तिने मला वाढलं, पण तुझं ताटही मांडलं, आणि ते तसंच रिकामं ठेवून समोर बसून राहिली.

आता कळलं असेल. कदाचित तुला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच तू फोन लवकर ठेवतोस. तसं असेल तर तू माझ्यापेक्षा पंधरा वर्षं मोठा आहेस.

आजची उपांत्य फेरी ऐक. समोर चिली, चार-चार, शेवटचं मिनिट. देवाला नवीन कल्पना सुचत नाहीत. आमच्या ओस्मारला पाडलं. आयोलासचा कोळी आहे, अंगाने रेडा, आजवर काटा रुतला तरी हूं न करणारा. तो घोटा धरून पडला. डॉक्टर धावले, सगळं मैदान उभं राहिलं, आणि ओस्मारने मान वळवून बघितलं ते डॉक्टरांकडे नाही, आमच्या बाकाकडे. कोण उठतंय ते बघत होता. एलादिओ, ती नजर या जगात मी सोडून कुणाला ओळखता आली नसती. माझा सहायक ब्लास कानाशी आला, “बॉस, नेरीला पाठवू? आपला सगळ्यात चांगला फटका त्याचाच. देवाने दिलेली संधी आहे!” नेरी तर वरचं जाकीट काढून तयारच होता. खेळाच्या हिशेबाने ब्लासचं बरोबर होतं. मी पंचांची परवानगी घेऊन आत गेलो, ओस्मारशेजारी बसलो. म्हटलं, “किती दुखतंय?” म्हणाला, “खूप, बॉस.” म्हटलं, “कुठला?” त्याने आधी एका पायाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग मी त्याच्या कानात सांगितलं, “ऊठ. मी हे केलेलं आहे.” आयुष्यात पहिल्यांदा तोंडाबाहेर पडलं ते, एका कोळ्याच्या कानात, चार हजार लोकांसमोर. त्याने विचारलं, “मग काय झालं?” मी म्हणालो, “माझा भाऊ गेला.”

तो उठला. वाळूचा छोटा उंचवटा केला, चेंडू ठेवला, मारला, आणि चिलीच्या गोलकीपरने तो सहज धरला. हो, चुकला. पाल्हाळ लावला म्हणून काही मी तुला गोष्ट सजवून सांगणार नाही. आणि मग काय झालं माहीत आहे? काहीच नाही. नेरी ओरडला, “अरे रेड्या, दूध पाजत होतास की काय त्याला!” आमच्या गोलकीपरने ओस्मारच्या डोक्यात टपली मारली, तो स्वतःच हसला, आणि सगळे आपापल्या जागी धावले. जादा वेळ, मग पेनल्टी, आणि आपण जिंकलो. पाचवी पेनल्टी ओस्मारनेच मागून घेतली. ही घातली, वरच्या कोपऱ्यात. मी बाकावर बसून होतो आणि लोकांना वाटलं, पोलादी घोटा आनंदाने रडतोय. त्याची स्वतःची किक होती, ती चुकली, संपलं. तुझ्याबाबतीत ते संपलं नाही, कारण तू ज्याच्यासाठी बदनाम झालास ते तुझं कधी नव्हतंच.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या बसचा वाहक ते घेऊन निघेल, शनिवारी सकाळी तुला मिळेल. दुपारी बारा वाजता बेनिग्नोच्या कार्यक्रमात माझी मुलाखत आहे. त्याने प्रश्न आधीच पाठवलेत, त्यातला पहिलाच घोट्याबद्दल आहे. मी खरं उत्तर देणार आहे, तुझं नाव घेऊन, त्याने दिलेलं ते दुसरं नावही घेऊन. तुमच्या भागात सगळे आपलेच लोक राहतात आणि शनिवारी प्रत्येक खिडकीत तोच रेडिओ वाजतो, म्हणून तुला दुसऱ्या कुणाआधी माझ्याकडून कळावं. अध्यक्ष फायनलआधी माझी हकालपट्टी करतील कदाचित. करू देत, डावपेच ब्लासला लिहून दिलेत आणि ओस्मार झोपेतही खेळेल, आपण जिंकूच. मला माफ कर असं लिहून तुझ्यावर आणखी एक काम टाकत नाही. घरी ये असंही म्हणत नाही, ते आईने म्हणावं. मी एवढंच म्हणतो की ती किक माझी होती. ती मला परत दे.

तुझाच, दोन्ही पाय धड असलेला थोरला,
विल्फ्रिदो