दोन नावांची अक्षरं

भवानी पेठ, सोलापूर
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५७

प्रिय रुद्रप्पा,

धूळपाटीवर बोट फिरलं की जो आवाज येतो, तो तुला आठवतो का? दुधनीच्या मठाच्या ओसरीवर पंतोजी फळीवर बारीक माती पसरायचे, आणि आपण सगळे एका चालीत ‘कमळाचा क’ म्हणत गिरवायला लागलो, की गुरं कडब्यात तोंड घालतात तसा मऊ खसखसाट ओसरीभर व्हायचा. तू माझ्या डाव्या हाताला बसायचास. तुझा ‘ख’ नेहमी माझ्या फळीवर सांडायचा. हा आवाज मी हल्ली रोज ऐकतो. म्हातारचळ म्हणशील, पण माळ्यावरची फळी उतरवून, माती चाळून, मी पुन्हा गिरवायला बसलो आहे. शेजारची सोजरबाई मिलमधून आली की दारातून डोकावते. काल म्हणाली, “मास्तर, जलमभर दुसऱ्याची पोरं बडवली, आता सोताच शाळंत बसला व्हय?” मी म्हटलं, बसलो, आणि पहिल्या इयत्तेत नापासही झालो. ते खरंच आहे. ऐक.

मी गिरवतो ती अक्षरं जपानी आहेत. ज्याचं नाव तुझ्यापुढं काढायचं नाही असं ठरलं, त्यानंच पाठवली. माझा शिवयोगी अजून जपानात कोबेतच आहे, कापसाच्या पेढीवर. त्यानं तिकडच्या मुलांचं पहिलं पुस्तक पाठवलं आणि प्रत्येक अक्षराखाली आपल्या लिपीत उच्चार लिहून दिले. अक्षर कसलं, चित्रच ते. डोंगराला तीन सुळके, झाडाला फांद्या, माणूस म्हणजे नुसते दोन पाय. अर्थ डोळ्यांनाच कळतो. उच्चार मात्र चित्रात कुठंच नाही, तो पाठच करावा लागतो, आणि या वयात पाठांतर म्हणजे चाळणीत ताक. मग मी आपल्या पंतोजींचीच युक्ती केली. प्रत्येक अक्षराला एकेक खूण बांधली. पाण्याच्या अक्षराखाली ‘सुई’ लिहिलं होतं: सुई पाण्यात पडली की गेलीच. माणसाला ‘जिन’: कापसाची सरकी काढतात त्या जिनात सरकी कमी, माणसंच जास्त. अशा खुणांना चाल लावली आणि पहाटे कविता म्हणावी तशा म्हणत बसलो. वर्गात साठ पोरांचा सूर मिळायचा, आता एकट्याचाच घसा. शेवटची ओळ लांबवावी तर पलीकडून कुणी उचलत नाही.

सुगीमुळं बाजारात एक जपानी खरेदीदार आला आहे असं कळलं. बुटका, डोक्यावर टोपी, कापसाचा पुंजका बोटांत ओढून पाहत उभा होता. माझी परीक्षा घ्यावी म्हणून मी छत्री मिटून पुढं गेलो आणि वर्गात म्हणतात तसं खणखणीत म्हटलं, “सुई.” त्याला काही कळेना. मी पुन्हा म्हटलं, ओंजळ करून तोंडाला लावली. हमालांची करमणूक झाली. “मास्तरास्नी दवाखान्यात न्या की, सुई टोचून घ्यायचीय म्हणं,” एकजण बोलला. शेवटी मी खाली बसलो आणि तिथल्या मातीत बोटानं पाण्याचं अक्षर काढलं. तो माणूस टोपी काढून माझ्याशेजारी उकिडवा बसला. माझ्या अक्षराची एक रेघ त्यानं हळूच सरळ केली, आणि म्हणाला, “मिझू.” मग त्यानंच मला पाणी आणवून दिलं. मी प्यालो आणि घरी येऊन पुस्तक उघडलं. शिवयोगीनं प्रत्येक अक्षराखाली दोन उच्चार लिहिले होते. मी पहिला पाठ केला, दुसरा पाठभेद समजून सोडला. आपल्या अक्षराला एकच आवाज, त्यामुळं मास्तराच्या डोक्यात दुसरं येणार कुठून? मागच्या पानावर त्यानं खुलासाही केला होता: पहिला उच्चार दुसऱ्या अक्षराशी जोडून येतो तेव्हाचा, आणि एकटं असताना, घरात, तहान लागल्यावर म्हणायचा तो दुसरा. दोन महिने मी नेमका उलटा अभ्यास केला होता.

त्या दिवशी चूल पेटवली नाही. पण संध्याकाळी उलगडलं, की ही तर आपल्या लेकींसारखी अक्षरं. माहेरी एका नावानं हाक मारायची. चार माणसांच्या घरात जोडून गेली की नाव दुसरं. मग सगळं पुन्हा बांधलं. “माहेरी ती मिझू, सासरी ती सुई, एका घागरीची दोन नावं बाई.” माणूस माहेरी ‘हितो’, म्हणजे सोजरबाईचं ‘हितं या, हितं बसा’. झाड माहेरी ‘की’, आपल्याकडं प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक झाड उभं असतंच की. मांजराला ‘नेको’ म्हणतात. दुधाजवळ आलं की आपण तरी काय म्हणतो? एकट्यानं हसलो. हसलो की घर केवढं मोठं वाटतं, तुला सांगतो. चंद्राच्या अक्षराची खूण मात्र मी अजून बांधलेली नाही. तुझ्या लेकीचं, चंद्रव्वाचं, सासरचं नाव मी कधीकाळी मनात ठरवून ठेवलं होतं, आणि ते अक्षर आलं की बोट फळीवर तसंच राहतं.

चंद्रव्वाशी ठरलेली सोयरीक मोडून शिवयोगीनं कोबेत तिथलीच मुलगी केली, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून तू माझा उंबरा चढला नाहीस. चंद्रव्वाचं पुढं अक्कलकोटला गुरप्पाच्या घरी चांगलं झालं, हे मी परक्यांच्या तोंडून ऐकलं. तुझा राग मी कधी चुकीचा म्हटला नाही; म्हणूनच इतके दिवस लिहिलंही नाही. आज लिहितो, कारण शिवयोगीची बायको कार्तिकात छातीच्या दुखण्यानं गेली. मुलगी सहा वर्षांची आहे, हाना नावाची. हाना म्हणजे फूल. ते अक्षर मी सगळ्यात आधी शिकलो; तिचं नाव तिथंही दुसरा उच्चार म्हणूनच होतं, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही. पेढीवर दिवसभर राबणाऱ्या बापाकडून तिचं होत नाही, म्हणून ती एका व्यापाऱ्याच्या कुटुंबाबरोबर बोटीनं निघाली आहे. सोमवारच्या मेलनं ते तिला इथं आणून सोडतील. तिला मराठी येत नाही, कन्नड येत नाही. माझ्याजवळ तिच्या भाषेतले मूठभर शब्द आहेत आणि घरात बाईमाणूस नाही. आईला तिकडं ‘हाहा’ म्हणतात. हा शब्द खुणेवाचून लक्षात राहिला, आणि हाच माझ्या तोंडून हसताना चुकून निघेल म्हणून मी धास्तावलोय. पोर रात्री उठून रडली, तर मी काय पाटी घेऊन बसू? तेव्हा एवढंच मागतो: काशम्मा वहिनींना महिनाभर माझ्याकडं पाठव. तू नाही आलास तरी चालेल. एवढ्यासाठीच हे सगळं पुराण लावलं.

दार वाजतंय. सोजरबाई असेल, बघून येतो.

रुद्रप्पा, दारात तुझी चंद्रव्वा उभी होती. काखेला गाठोडं, हाताशी तिची धाकटी, पाच-एक वर्षांची. अक्कलकोटच्या मोटारीनं आली. सोजरबाई गेल्या गुरुवारी अक्कलकोटला गुरप्पाच्या दुकानात खण घ्यायला गेली होती, तिनंच सांगितलं म्हणे. अजूनही मला मामाच म्हणाली. “मामा, पोर सोमवारी यायलीय व्हय? मग हे काय, चुलीत राख, अंथरुणाला ढेकूण, आन तुमी माती खेळत बसलाव. लेकराला आदी खायाला लागतंय, अक्षरं न्हाय.” तिनं पदर खोचला आणि सरळ आत गेली. गुरप्पाला विचारून आली आहे, अण्णांना, म्हणजे तुला, विचारलेलं नाही, आणि ते मी कळवावं असं तिचं म्हणणं आहे. कळवलं. रागावणार असशील, तर इथं येऊन रागाव.

तुझाच,
विरुपाक्ष