बेझवाड्याला निघालेली होडी

निपाणी,
ता. २१ ऑक्टोबर १९३७

ती. स्व. आक्कास,
धाकट्या श्रीपादचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. होडी तयार झाली. बर्फाच्या मुलखातल्या लोकांची 'कयाक' म्हणून एक होडी इंग्रजी मासिकात पाहिली होती, तशीच केली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेला कॅनव्हास, वरून जवसाचं तेल आणि डांबर. दोघं एकामागे एक बसू शकतात. मागची जागा शाळेतल्या एखाद्या मुलासाठी ठेवली होती, पण एकाही मुलाचे वडील हो म्हणेनात. हेडमास्तरांनी रजा दिली आणि वर म्हणाले, परत आलात तर हजर व्हा.

दिवाळी झाली की यमगर्णीच्या पुलाखालून वेदगंगेत होडी सोडायची. भोजजवळ दूधगंगा लागेल, कल्लोळपाशी कृष्णा, आणि कृष्णेनं थेट तेलुगू मुलखातला बेझवाडा. जमलं तर समुद्र. वाटेत गावोगाव मुलं जमवायची, त्यांना पाण्यावर तरंगायला शिकवायचं. मी ड्रिलमास्तर, मला दुसरं काय येतं?

आक्का, रागावू नकोस. तीन वर्षांपूर्वी आपला माधव यमगर्णीला पुरात गेला, तेव्हापासून इथली एकही आई मुलाला नदीवर पाठवत नाही. नदीकाठी वाढलेली दांडगी मुलं गुडघाभर पाण्यात थरथरतात. मला ते बघवत नाही. होडीला माधवचंच नाव दिलं आहे. तुझा आशीर्वाद कळव. दाजींना नमस्कार. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
श्रीपाद

खडेबाजार, बेळगाव,
ता. २७ ऑक्टोबर १९३७

चि. श्रीपाद यास,
आक्काचे अ. उ. आ. वि. वि.

वरचा आशीर्वाद रीतीचा आहे. होडीला नाही.

ते नाव आधी खरवडून काढ. माझं पोर तुझ्याकडे सुट्टीला म्हणून आलं आणि परतलं नाही. त्याबद्दल तुला एका शब्दानं बोलले नाही, ते काय गावोगाव त्याच्या नावाची दवंडी पिटायला? तीन वर्षांत मी वाहतं पाणी पाहिलेलं नाही. हिंडलग्याला नणंदेकडे जाताना ओढा लागतो, तिथं टांग्यात डोळे मिटून बसते.

इकडे यांना तुझा बेत सांगितला, तर वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर केलं नाही. चाळिशी आली तरी याचा पोरकटपणा जाईना, एवढं म्हणाले आणि माडीवर निघून गेले. नदीचं नाव निघालं की हे असंच होतं. मी बोलू तरी कुणाशी?

तू ऐकणार नाहीसच. पतंगामागे कौलांवरून धावणारा तू. आमचे शेजारी हरिभाऊ तंबाखूच्या कामाला निपाणीस येत आहेत, त्यांच्याबरोबर भडंग आणि शेंगांचे लाडू धाडले आहेत. भिजवू नकोस. रोज पत्र टाक, नाहीतर दाराशी उभा करणार नाही. जिवाला जप.

तुझी,
आक्का

कुडची,
ता. २४ नोव्हेंबर १९३७

ती. स्व. आक्कास,
श्रीपादचा शि. सा. न. वि. वि.

रोज पत्र टाकलं नाही, कारण कळवावं असं काही घडलंच नाही. भोजला मी देवीची लस टोचणारा आहे असं समजून लोकांनी पोरं माळ्यावर लपवली. सदलग्याच्या मास्तरांनी माझं व्याख्यान ठेवलं, पण मुलांना नदीपासून लांब चिंचेखाली बसवलं आणि मला बजावलं, पाण्याचा नाद लावायचा नाही. शेवटी दंडबैठकांवर बोलून आलो. येडूरला भरमू नावाचा एक दणकट पोरगा सदरा काढून पाण्याशी आला. तेवढ्यात त्याची आजी मालुबाई धावत आली, त्याचा कान धरला आणि मला म्हणाली, "लई शिकलेला दिसतोस रं. घरात कुणी रडणारं न्हाय व्हय तुला?"

कुडचीला तर कडेलोट झाला. रेल्वेच्या पुलाअलीकडे खडकावर घासून होडी हातभर फाटली. चिंब भिजून घाटावर आलो तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. ठिगळ लावलं आहे, पण पुढे पाणी उतरलं आहे. नावाडी म्हणतात, इथून होडीच तुमच्या डोक्यावर बसून जाईल.

काल चिडून मी घाटावर माधवची सगळी हकीकत सांगितली. त्याला पोहता येत असतं तर तो आज असता, असं म्हणालो. बायकांनी डोळे पुसले आणि पोरांना ओढत घरी नेलं. झालं उलटंच.

बेझवाडा राहिला. चार दिवसांत गाडीनं परततो. इथे एकजण वैरण ठेवायला होडी मागतो आहे, त्याला देऊन टाकीन. नाव पुसायला मात्र हात उचलला नाही. दाजी हसतील, त्यांना हसू दे. तू तेवढी रुसू नकोस.

तुझा,
श्रीपाद

कुडची,
ता. ३० नोव्हेंबर १९३७

तीर्थस्वरूप, आपल्या चरणी शि. सा. न. वि. वि.

आपण कोर्टात असताना न विचारता निघून आले. त्याबद्दल आपल्याला काय बोलायचं असेल ते मी परत आल्यावर बोलावं. श्रीपाद होडी वैरणीला देणार हे वाचलं आणि माझा संताप झाला. नाव खरवड म्हटलं होतं, त्या नावात कडबा भर म्हटलं नव्हतं. हरिभाऊंना सोबत घेतलं आणि गाडीत बसले.

घाटावर पोचले, श्रीपादनं आक्का म्हणून हाक मारली, तशा धुणं धुणाऱ्या बायका कुजबुजल्या, हिचाच पोरगा गेला. जयाबाई म्हणून एक आहे, तिनं माझ्याकडे बोट दाखवून मुलाला सांगितलं, "बघ रं, पाण्यात गेलास तर माझं बी असंच हुईल." माझ्या अंगाची लाही झाली. माझं लेकरू काय दुसऱ्यांच्या पोरांना भिववायला गेलं? श्रीपादला म्हटलं, मला होडीत बसव. तो नको नको म्हणत राहिला. मी कासोटा घट्ट खोचला आणि मागच्या जागेवर जाऊन बसले.

खरं लिहिते. काठ सुटला तेव्हा दातखीळ बसायची वेळ आली. मधोमध गेल्यावर रडू फुटलं, ते आवरेना. श्रीपाद वल्हं मारत राहिला, मागे वळून पाहिलं नाही, एवढी अक्कल त्याला आहे. ठिगळातून पाणी येत होतं, मी रडत रडत तांब्यानं उपसत होते. पलीकडे टेकून परत आलो. काठावर कुणी हसलं नाही. जयाबाईनंच हात देऊन उतरवलं आणि विचारलं, "भ्या वाटलं न्हाय व्हय, आक्का?" मी म्हटलं, वाटलं, अजून वाटतं आहे. सकाळी मुलाला घेऊन ये, मी काठावर बसते.

ती आली. तिच्यामागून आणखी आल्या. श्रीपाद मुलांना कमरेइतक्या पाण्यात तरंगायला शिकवतो आणि दिवसभर कुरकुरतो, की माझा प्रवास बुडाला, गावोगाव घसा फोडला तो फुकट, आणि ही पोरं मला विचारतात, आजीबाई होडीत परत कधी बसणार? आजीबाई म्हणतात मेले! मी आणखी काही दिवस जयाबाईकडेच राहते. हरिभाऊ हे पत्र घेऊन येत आहेत. विरजणाचं घरकामाच्या बाळाबाईला सांगावं. आपली कृपादृष्टी आहे तशी राहावी.

आपली,
सौ. कल्याणी

बेळगाव,
ता. २ डिसेंबर १९३७

चि. श्रीपाद यास,
दत्तोपंतांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या बहिणीचं पत्र मिळालं. घरात आमटीला चव नाही आणि वकिलांच्या बाररूममध्ये माझ्या बायकोच्या नौकानयनाची चर्चा आहे. मी तुझ्यावर रागावलो आहे, तो राग राहील. वाटेत पाणी किती, खडक किती, याची चौकशी न करता माणूस बेझवाड्याला निघतो! असा दावा कोर्टात लावला असतास तर पहिल्याच तारखेला फेटाळला गेला असता.

पण ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. माधव गेल्यापासून आम्ही दोघं एका छपराखाली राहतो, आणि त्याच्याविषयी एकमेकांशी बोललेलो नाही. तिला रडायला कृष्णेच्या मधोमध जावं लागलं. मी घरीच होतो.

शनिवारी कोर्ट आटोपलं की निघतो. तिला आधी सांगू नकोस. मलाही पोहता येत नाही. मुलांच्या रांगेत मला शेवटी उभं कर. अंग जड आहे, केस पिकले आहेत, पोरं हसतील. त्यांना हसू दे. तू हसू नकोस, आणि माझा हात लवकर सोडू नकोस.

तुझा,
दत्तोपंत