तिसरा विषय

१२ मार्च २००७, सोमवार

जेवायला बसलो आणि पुन्हा तेच. जूनमधल्या सॅटच्या सब्जेक्ट टेस्ट्स, इथे अमेरिकेत कॉलेज प्रवेशाला लागतात त्या! एका दिवशी तीन विषय देता येतात, चांगली कॉलेजं दोन-तीन मागतात — आणि आमच्या घरात माणसं तीन, मतंही तीन.

गुरुनाथ म्हणे, "मॅथ, फिजिक्स, केमिस्ट्री. यात ठरवायचं काय आहे?" म्हणजे आपलं बारावीचं पीसीएम, तेच. हिमानी मान वर न करता म्हणाली, "मॅथ, लिटरेचर, यूएस हिस्ट्री. आय ऑलरेडी टोल्ड यू, बाबा." अर्धी पोळी टाकून वर गेली.

मी पोळ्या वाढत राहिले. मनात मात्र केमिस्ट्री, केमिस्ट्री चालू होतं.

१८ मार्च, रविवार

तोडगा निघाला. मॅथ, लिटरेचर आणि तिसरा विषय केमिस्ट्री. मीच काढला. "घरी मी आहे ना शिकवायला," म्हटलं. गुरुनाथ खूश. हिमानीनं खांदे उडवले — "फाइन." तिची हिस्ट्री गेली.

मृणालिनीचा फोन. तिच्या मुलाचं मागच्या वर्षी कॉलेजचं सगळं पार पडलं, तेव्हापासून आमच्या श्रूजबरीतल्या तमाम मराठी आया तिलाच विचारतात. "सुवर्णा, जपून हं. हल्ली सगळेच स्कोअर कॉलेजला जातात. वाईट आला तरी लपवता येत नाही." मला भीती वाटायला हवी होती. मी व्हाइटबोर्ड आणायला गेले!

३ एप्रिल, मंगळवार

बेसमेंटमध्ये बोर्ड लागला. आज मोल कन्सेप्ट. नऊ वर्षांनी उभं राहून शिकवलं. खडू नाही, मार्कर — पण चालतंय. नागपूरला अकरावी-बारावीला शिकवायचे तेव्हा शेवटच्या बाकावरच्या पोरांनाही मोल कळायचा. इथे नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही. म्हणून डबे, लायब्ररी, हिमानीला ने-आण.

"आई, यू आर ॲक्च्युअली गुड ॲट धिस," म्हणाली. दिवसभर हवेत होते. भाजीत मीठ दोनदा पडलं.

१६ एप्रिल, सोमवार

वादळ. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. मी आधी बोर्ड वर आणला, मग बाकीचं सामान. गुरुनाथ नुसता बघत राहिला.

२१ एप्रिल, शनिवार

सराव परीक्षा घेतली. कितीतरी प्रश्नांचे गोल कोरे! माझं डोकंच फिरलं. "कोरं काही सोडायचं नाही. काहीतरी लिही, स्टेप्सचे तरी मार्क मिळतात."

"आई, देअर आर नो स्टेप्स. जस्ट बबल्स. अँड चुकलं तर पाव मार्क कट होतो."

मी ऐकलं का? छे. वर्गात वर्षानुवर्षं म्हटलेलं वाक्य, जिभेवर बसलंय. "तरी सोडायचं नाही," म्हणाले. तिनं पुस्तक मिटलं.

११ मे, शुक्रवार

"मी केमिस्ट्री सोडली तर?" गाडीत विचारलं, खिडकीबाहेर बघत. मराठीत. मनातलं काही असलं की हिमानी मराठीत बोलते.

मी म्हणाले, "आता? इतकं शिकवून झाल्यावर?"

परत विचारलं नाही तिनं. मला कळलं होतं काय म्हणायला हवं ते, आणि मी ते म्हटलं नाही. घरी येऊन ठरल्या वेळेला बोर्डापाशी उभी राहिले.

२७ मे, रविवार

पोरगी नीट जेवत नाही. बेसमेंटमध्ये जायची वेळ झाली की पोट दुखतं म्हणते. काल चादरी बदलताना हिस्ट्रीचं पुस्तक उशीखाली सापडलं. स्वतःच्या घरात चोरून अभ्यास! फार लाज वाटली. ही परीक्षा तिची आहे की माझी?

माहितीपुस्तिका आज नीट वाचली. ऐन परीक्षेच्या दिवशीसुद्धा विषय बदलता येतो. तिला खाली बोलावलं. "तू हिस्ट्रीच दे. बाबांचं मी बघते."

"आर यू शुअर?"

"हो."

तिच्यासमोरच बोर्ड पुसला. डस्टर समोर असताना हातानंच, जुन्या सवयीनं. तळवा काळा झाला. ती जिन्यात बसून बघत होती.

२ जून, शनिवार

सोडलं, आणलं. "कशी गेली हिस्ट्री?" — "ओके." सुटलो एकदाचे! वरण-भात केला, वर भरपूर तूप. पोटभर जेवली. गुरुनाथला अजून सांगितलेलं नाही, स्कोअर आल्यावर सांगेन.

२१ जून, गुरुवार

स्कोअर आले. मॅथ छान. लिटरेचर त्याहून छान. हिस्ट्री नाहीच. तिथे केमिस्ट्री — आठशेपैकी पाचशे दहा. आता हे सगळ्या कॉलेजांना जाणार.

"का गं?" एवढंच विचारता आलं.

"बोर्ड पुसताना तू रडत होतीस, आई." मराठीत म्हणाली. "आणि मी कोरं काहीच सोडलं नाही."